पाठ नसलेलं इंग्रजी

बाई,

एक तक्रार आहे, आणि ती ऐकून घेईल असं दुसरं कुणी उरलेलं नाही. नांदेडच्या ज्या क्लासमध्ये मी शिकवते, तिथं माझ्या ओढणीला माइक लावतात. खोलीत पोरं अकरा. शेवटच्या बाकावरची जांभईसुद्धा मला ऐकू येते, तरी माइक. संचालकांचं म्हणणं, "मॅडम, आवाज घुमला की पालकांना शिकवल्यासारखं वाटतं." मी नुसती खाकरले तरी खालच्या मजल्यावरचे केमिस्ट्रीवाले दचकतात. माणसांनी याहून मोठे अन्याय सोसले असतील, पण त्यातले फार थोडे ओढणीला टाचलेले होते.

या बॅचचं नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड'. म्हणजे ज्यांना इंग्रजी येतं, पण बोलता येत नाही, अशांची. लातूरला तुमच्या स्वयंपाकघरात अशीच बॅच भरायची, फक्त तिला नाव नव्हतं. आम्ही चौघी. बोर्डात इंग्रजीला इतके मार्क की माझ्या वडिलांनी अख्ख्या आडत बाजारात पेढे वाटले होते. उत्तरं पाठ करून घेण्याचा कारखाना लातुरात तेव्हा नुकता धूर सोडू लागला होता आणि मी त्याच्या पहिल्या घाण्याचा माल. तुम्ही पाटावर बसून गवार मोडताय, मी इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचतेय. "डोळा तोंडाच्या पुढं चालू दे. वाक्य कुठं वळणार ते आधी बघ, मग तोंड उघड." परिच्छेद संपला की पेपर तुमच्या मांडीखाली जायचा आणि तोच मजकूर मी माझ्या इंग्रजीत सांगायचा. गाइडातलं एखादं गुळगुळीत वाक्य आलं, की गवार थांबायची.

"हे कुणाचं गं?"

"माझंच की, बाई."

"तुझ्या तोंडातलं आहे. तुझं नाही. परत."

मला तो छळ वाटायचा. छापील इंग्रजी इतकं सुबक असताना स्वतःचं ओबडधोबड कशाला काढायचं, हे मला कळत नव्हतं. मग भूकंप झाला. किल्लारीच्या बाजूला एका गावात परदेशी डॉक्टरांचा तंबू लागला, त्यांना दुभाषी हवे होते, आणि तुम्ही आम्हाला जीपमध्ये घालून नेलंत. खाटेवर एक काकू, गुडघ्याखाली पाय मोडलेला. डॉक्टर जवळ आला की त्याचा हात झटकून टाकायच्या आणि माझ्याकडं बघून म्हणायच्या, "पायाचं ऱ्हाऊ दे. रानात म्हस बांधल्याली हाय माझी. दोन दिस झालं, पिळली न्हाई. तटली आसंल गं ती. कुनीतरी जावा की."

डॉक्टरनं मला विचारलं, काय म्हणतात? आणि बाई, बोर्डासाठी मी भूकंपावर निबंध पाठ केलेला होता. तो सुरू झाला. निसर्गाचा कोप, माणसाचं क्षुद्रपण, अश्रूंचा महासागर, एकही अडखळ नाही. डॉक्टरनं चष्मा काढला आणि काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंचा चेहरा उजळला. "काय म्हनला गं त्यो? जातोय का?"

मागून तुमचा आवाज आला. "काकू म्हशीबद्दल बोलल्या. निसर्ग कुठून काढलास?"

मी शब्द शोधतेय. न पिळल्यानं कास दुधानं तटणं, याला इंग्रजीत काय म्हणतात, हे कुठल्याच गाइडात नव्हतं. पुढं सरसावून तुम्ही सांगू शकला असता, पण तुम्ही तोंड उघडलं नाही. शेवटी मी हातवारे करत म्हणाले, "हर बफेलो. टू डेज, नो मिल्किंग. द मिल्क इज हर्टिंग हर." डॉक्टर उठला, बाहेर जाऊन जीपच्या ड्रायव्हरला घेऊन आला. काकूंनी त्याला रानाची खूण सांगितली, त्याची पाठ वळल्यावर डॉक्टरकडं बघितलं आणि पाय त्याच्या पुढं केला. परतताना तुम्ही पिशवीतून एक पेरू काढून मला दिलात. अर्धा नाही, अख्खा. तुमच्याकडून याहून जास्त कौतुक मला कधी मिळालं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण लोह्याकडची एक मुलगी. पाण्यावर संशोधन करायला बाहेर जायचंय तिला. वाचायला काहीही द्या, फडशा पाडते. शिष्यवृत्तीची मुलाखत उद्या आहे, आणि ही हुकली तर घरचे पुन्हा क्लासला पाठवणार नाहीत. परवा म्हणाली, "मॅडम, उत्तरं लिहून द्या ना. बोलायचं म्हटलं की मी बंदच पडते." संचालकही म्हणाले, "द्या की लिहून. सिलेक्शन झालं तर फ्लेक्सवर तुमचाबी फोटो." मला दहा मिनिटांचं काम होतं. क्लासच्या जोडीला पेपरात उपहास लिहून पोट भरणाऱ्या बाईला उदात्त वाक्यं पाडायला काय लागतं?

पण काही न लिहिता आज दुपारी तिला घरी बोलावलं. विचारलं, पाणीच का? तिनं मानवजातीची सेवा काढली.

"मानवजात राहू दे. घरी कोण कोण आहे?"

तोंडावर हात धरून, तुटक इंग्रजीत, ती बोलायला लागली. त्यांच्या बोअरच्या पाण्यानं गावात सगळ्यांचे दात डागाळलेत. धाकटा भाऊ फोटोत हसत नाही. आई म्हणते, पोरगी बघायला आले की ओठ मिटून बस. काळ चुकत होते, क्रियापदं गळत होती. ती थांबायची तेव्हा पुढचा शब्द माझ्या जिभेवर तयार असायचा. भावाबद्दल सांगता सांगता तिचा हात खाली आला आणि पुन्हा वर गेला नाही. दात तपकिरी होते. ती बोलतच राहिली.

उद्याचं मला माहीत नाही. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मी मध्ये दोनदा तिचं वाक्य पुरं केलंच. पण तुमच्याकडून घेतलेल्या तासांपैकी एखादा आज फिटला असेल, दोन वाक्यं कमी धरून.