सदतीस नंबरचा खेळ

जळगाव
ता. ९ ऑक्टोबर १९९४

प्रिय अभिमन यास जीवरामचा रामराम.

इकडे सगळे ठीक. तुझा पाय, ताईबाई वहिनींची कंबर, म्हशीचं वेत, सगळं बरं असेल असं धरून चालतो. वीस महिन्यांत साधं पोस्टकार्ड टाकलं नाही आणि आज जाडजूड लिफाफा पाठवतोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू तो न फोडताच ओळखलं असशील. काम आहे. पण आधी इकडची बातमी ऐक.

मंजुळाच्या भावाने सुरतेहून भाचीसाठी, आपल्या पुष्पासाठी, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणलाय. कॅसेटवर एकशे दहा खेळ लिहिलेत. मोजायला बसलं तर वीसच, बाकी तेच ते नाव बदलून. मी आठ दिवस त्या डबड्याला हात लावला नाही. मग एका दुपारी पुष्पाने सदतीस नंबर लावला आणि मी ताट तसंच ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसलो.

त्यात एक माणूस डोंगर चढतो. एवढंच. बंदूक नाही, राक्षस नाही, बाकीच्या खेळांत टिरीटिरी वाजतं तेही नाही. नुसता वारा. तो असा येतो की पंखा बंद असूनही मला गार वाटलं. माणूस अंगठ्याएवढा, लाल टोपीवाला. तोंड दिसतच नाही, सदा पाठ. खडकाला धरून फार वेळ थांबला की त्याचे हात लाल होतात आणि धाप ऐकू येते. वर बघावं तर शिखर नाहीच, ढग. अक्षरं चिनी की जपानी, मला काही लागत नाहीत. पण ज्याने हा खेळ बनवला तो कधीतरी उंचावर काम केलेला माणूस असावा. वर गेलं की गाव ऐकू येत नाही, आपलाच श्वास ऐकू येतो, हे जमिनीवरच्याला कुठून ठाऊक?

मला खेळताना तळहाताला घाम सुटतो. मंजुळा म्हणते, "काय देखतस तुम्ही त्या डबडामा? तोंड पांढरं पडनं तुमनं." तिला काय सांगणार? पंधरा वर्षं टॉवर रंगवणारा माणूस चित्रातल्या डोंगराला घाबरतो. तुला म्हणून सांगतो, त्या दिवसानंतर मी वर चढलेलो नाही. खाली उभा राहून रंगाचे डबे ढवळतो.

आता खरी गोष्ट. हा खेळ एकट्याला खेळता येत नाही. दोन रिमोट लागतात. एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली उभं राहून दोर धरायचा, म्हणजे एक बटण दाबून ठेवायचं. चढणारा वर गेला की धरणारा पडद्यावरून जातो. उरतो फक्त दोर. मी चढायचो, पुष्पा धरायची. अकरा वर्षांची आहे आता.

गेल्या रविवारी पुढे आलेल्या एका कड्याखाली मी अडकलो. हात लाल झालेले. पुष्पाचा अंगठा दुखायला लागला. अजून किती धरायचं म्हणून तिने विचारलं, "आबा, धरू का आखो?"

मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, "राहू दे."

तिने बटण सोडलं.

लाल टोपी खाली गेली. आवाज काही झाला नाही. वारा तसाच चालू, आणि रिकामा दोर हलत राहिला. मी पोरीवर असा ओरडलो की शेजारचे दारात आले. ती रडवेली होऊन म्हणाली, "तुम्हीच बोलले ना, राहू दे. म्हणजे नको ना?" मी उठून मागच्या मोरीत गेलो आणि तोंडावर पाणी मारत बसलो.

मी कुठे येतोय ते तुला कळलं असेल. धरणगावच्या टॉवरवर तू कमरेचा पट्टा सोडवून पलीकडच्या अँगलवर जात होतास. दोर माझ्या हातात. मी ओरडून विचारलं, "दोर धरू का रे भो आखो?" वरून तुझा आवाज आला, "ऱ्हाऊ दे." मी दोर सोडला आणि तू खाली आलास.

मुकादमाने माझा जबाब लिहिला त्यात हा शब्द नाही. त्यात आहे, 'दोर सोडून दे असे अभिमनने स्वतः सांगितले.' मी म्हणालो, तो असं नव्हता म्हणाला. मुकादम म्हणाला, "अर्थ तोच ना?" मी सही केली. त्या कागदावर तुझी चूक ठरली आणि बसून करायचं गोदामातलं काम तुला मिळणार होतं ते गेलं. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. ते आत्ताच लिहितो, नाहीतर मी परत म्हशीवर जाईन.

मला तेव्हा शंका आली होती. धरलेला राहू दे, की धरायचं राहू दे? आली होती, अभिमन. पुन्हा हाक मारून विचारायला कितीसा वेळ लागतो? पण मनगटाला रग लागली होती आणि चहाची किटली आली होती. मला सोयीचा होता तो अर्थ मी घेतला. पुष्पाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

शुक्रवारी २१ तारखेला धुळ्यात, त्या जबाबाविरुद्ध तू केलेल्या अर्जाची सुनावणी आहे, तुलाही कागद आला असेल. मंगळवारी मुकादम घरी येऊन गेला. तोच जबाब, तेच शब्द, नाहीतर दिवाळीनंतर कामावर येऊ नको म्हणाला. तेव्हापासून दार वाजलं की मी आधी फटीतून बघतो. मी भित्रा आहे, तुला ते नवीन नाही.

काल मी रिमोट बदलले. पुष्पाला चढायला दिलं, मी धरायला बसलो. खालून काहीच कळत नाही रे. नुसता दोर बघत राहायचं, तो थरथरला की आपण थरथरायचं. वीज जाईल या धास्तीने मी पाऊण तास पापणी हलवली नाही. तिने तीनदा विचारलं, "आबा, धरलं ना?" तीनदा मी म्हणालो, "धरलंय." किती साधा शब्द आहे.

पोरगी शिखरावर पोचली. बक्षीस नाही, बाजा नाही. वारा थांबतो, लाल टोपीवाला खाली बसतो आणि पहिल्यांदाच मागे वळून बघतो. तोंड म्हणजे दोन ठिपके. पुष्पा म्हणाली, "आबा, तो तुमनाकडे देखी ऱ्हायना."

धुळ्यात मी तुझा तोच शब्द सांगणार आहे, आणि शंका येऊनही विचारलं नाही, हेही. मंजुळाला अजून बोललो नाही. आज हे लिहिताना हात स्थिर आहे, त्या दिवशी साहेबांसमोर बोबडी वळणार नाही याची मलाच खात्री नाही. म्हणून हे पत्र जपून ठेव आणि येताना खिशात घालून ये. मी कच खाल्ली तर त्यांच्यापुढे ठेव. त्यासाठीच खाली पूर्ण नाव लिहून सही करतोय.

उत्तर पाठव. शिव्या लिही, तोंड दाखवू नको म्हणून लिही, मी वाचेन. फक्त 'राहू दे' एवढंच लिहू नकोस.

खाली उभा आहे,
जीवराम कौतिक पाटील