आठ दिवसांचं वर्ष

मंगळवार, दिवे लावून झाल्यावर

नात पिंकी आज दूरच्या एका ताऱ्याचे ग्रह सांगत बसली. कसला तो मिणमिणता तारा, ओल्या लाकडाची चूल बरी. ग्रहांचं तोंड म्हणे कायम त्याच्याकडेच, पाठीला अंधार. पथारीवर मिरची अशी न उलटता ठेवली तर एकीकडून करपते, खालून कुजते. असले ग्रह फुकट दिले तरी नकोत. पण पोरगी सांगते किती गोड. हेच शिकायला तिला पुण्याला जायचंय, अन् तिचा बाप अडून बसलाय. त्याचंही तोंड एकाच बाजूला.

जेवताना म्हणाला, "माय, तिले वरीसभर थांबू दे."

मी पिंकीला विचारलं, तुझ्या ग्रहावर वर्ष केवढं?

"एकावर ते आठ दिनमाच वरीस सरी जास, आजी."

"मंग बापू, आठ दिन थांबी ती. पुढला मंगळवारले गाडीमा बसाड."

बापू हसला. म्हणजे पोरगी आता जाते.