एनिडने बांधलेली शेवटची माशी

मी, सायलस ट्रिमर, राहणार नेदरबॉर्न, हॅम्पशायर, वय एक्याऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शुद्धी मी डॉक्टर हस्केल यांच्याकडून दोनदा तपासून घेतली आहे. मागाहून भांडणं नकोत.

१. ओढ्याकाठचं घर मुलगी हेस्टर हिला. पन्हळीत पानं अडकतात, ती दर ऑक्टोबरात काढावीत. ती काढणार नाही, हे मला माहीत आहे.

२. माझी बांबूची गळकाठी पलीकडच्या काठावरच्या कथबर्ट लव्हरिजला. हा माणूस पाण्यावर सावली पाडत चालतो आणि मासे घाबरवतो. ओढ्यावर झुकलेली विलोची फांदी काप म्हणून त्याने वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लं. तरी त्याच्या गळाची नकली माशी पाण्यावर अलगद टेकते, हे नाकारता येत नाही.

३. माझी बायको एनिड हिने जाण्याआधी गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून एक तरंगती माशी बांधली. विलोखालचा म्हातारा ट्राउट मासा कशालाच भुलत नाही, त्याच्यासाठी. ती मी डबीत जपली आहे. ती हेस्टरने…

इथवर लिहून डबी उघडली, तर माशीला कसर लागलेली. अर्धी पिसं गेली होती. हेस्टर म्हणाली, "बाबा, उरलीय तोवर तुम्हीच टाका ना."

काल संध्याकाळी तिने मला धरून काठावर नेलं. पलीकडे कथबर्ट चक्क खाली बसून राहिला. माशी प्रवाहाबरोबर सरळ तरंगत गेली. ट्राउट वर आला, त्याने तोंड उघडलं. मासा माशी घेऊन खाली वळेपर्यंत थांबायचं असतं. माझा हात थांबला नाही, काठी आधीच ओढली. माशी त्याच्या तोंडातून सुटली ती उडून विलोत अडकली, आणि दोरा तुटला.

मग कथबर्ट म्हणाला, "सायलस, शिडी आणू का रे?"

नको म्हटलं. फांदी हलली तर माशी पाण्यात जायची.

म्हणून कलम ३ रद्द. त्याऐवजी: विलोची ती फांदी कोणीही कापू नये. कथबर्टने तसा शब्द दिला आहे. माझी राख त्याच फांदीखाली सोडावी. मात्र मासे वर येत असतील, तर थांबावं.

सही: सायलस ट्रिमर
साक्षीदार: डॉ. लायनेल हस्केल, श्रीमती विनिफ्रेड पॅचेट (पोस्टमास्तर)
नेदरबॉर्न, ४ जून १९८६