स्वखुशीने

४ जानेवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तू म्हणाला होतास, की आता तरी लाल पेन खाली ठेव. ते काही जमलं नाही. आपल्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या राष्ट्रीय संघाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात आणि त्याचा इतिहास लिहायचं काम कार्यकारिणीने माझ्या गळ्यात घातलं आहे. कचेरीच्या मागच्या खोलीत बसते. दोन लोखंडी कपाटं, एक खिडकी आणि दिवसभर शिंका.

वाचताना मजा येते मात्र. बारा मंडळ्या एका गोदामात जमल्या आणि तीन दिवस एवढ्यावरच भांडल्या, की संघ करायचा तर कोणी कोणावर हुकूम चालवायचा नाही. मधल्या एकोणीस वर्षांची इतिवृत्तं आपल्या बाबांच्या अक्षरात आहेत. चिटणीस म्हणून एक वेलांटी चुकली नाही त्यांची.

एका ठिकाणी अडले आहे. चाळीस वर्षांपूर्वी बंदरावरच्या मंडळीचे पाळक अंथरुणाला खिळले, म्हणून त्यांच्या बायकोने स्वतः पाण्यात उतरून अकरा जणांना बाप्तिस्मा दिला. बाईने बाप्तिस्मा दिला यावरून मंडळीला संघातून काढलं, असं बाबांनी इतिवृत्तात लिहिलं आहे. छापील अहवाल म्हणतो, ती 'स्वखुशीने बाहेर पडली'. अहवाल तू छपाईचे खिळे जुळवायचास त्याच छापखान्यात निघाला होता. काही आठवतं का?

वहिनीला सलाम. माया आहे तशी राहू दे.
तुझी,
चिमणी

१९ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझा गुडघा बरा आहे, पण जिना दिसला की त्याचं पुन्हा दुखणं निघतं. तुझी वहिनी म्हणते, की जिभेला असा त्रास झाला असता तर घरात शांतता नांदली असती.

छापखान्यातल्या ओळी कोण लक्षात ठेवतो? आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द उलटे वाचले मी. इतिहास लिही, पण गेलेल्या माणसाची उणीदुणी काढू नकोस. बाबांनी संघासाठी हाडाची काडं केली. छापलं आहे तेच उतरवून मोकळी हो.

तब्येत सांभाळ आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझा,
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

कार्यकारिणीचे अध्यक्षही तेच म्हणतात, की छापील तेच खरं धरा. मीही तसं लिहून टाकलं असतं. पण मी बंदरावर पत्र टाकलं होतं, ते त्यांनी पुढे पाठवलं आणि त्या अकरांपैकी एका शिंप्याचं उत्तर आलं.

दुसऱ्या शहरात गेल्यावर तो तिथल्या मंडळीत नाव घालायला गेला. त्यांनी अहवाल उघडून दाखवला, की तुम्ही आपणहून सोडून गेलात, मग आता कशाला आलात? पुन्हा बाप्तिस्मा घ्या म्हणाले. तो म्हणाला, एकदा घेतला तो खराच होता. सव्वीस वर्षं तो मागच्या बाकावर पाहुण्यासारखा बसतो आहे.

दादा, मी बाबांना दोष द्यायला निघालेली नाही. मला फक्त झालं ते हवं आहे. तुला आठवतं, हे तुझ्या पत्रावरूनच कळलं. तू कधी इतकं थोडक्यात लिहीत नाहीस.

रागावलास तरी पत्र लिही.
तुझी,
चिमणी

२० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. मग दोन आठवडे झोप नीट लागेना, तेव्हा कळलं की राग तुझ्यावर नव्हता.

कच्चं मुद्रण घेऊन बाबा स्वतः आले होते. 'काढण्यात आले' खोडून वर त्यांच्याच अक्षरात 'स्वखुशीने' लिहिलेलं होतं. मी विचारलं, की हे असं कसं? ते म्हणाले, यात त्या मंडळीची अब्रू राहते. मी तीस वर्षांचा बाप्या, पण त्यांचं ऐकलं. माझ्या हातांनी ती ओळ जुळवली. अब्रू कोणाची राहिली, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

गेल्या रविवारी बस धरून बंदरावर गेलो. पाळकीणबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. आयुष्य परिचारिका म्हणून गेलं, त्यामुळे आधी माझा गुडघाच दाबून पाहिला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, की पाळक वारले त्या वर्षी बाबा एकटेच उपासनेला आले होते. शेवटच्या बाकावर बसले. बाईंनी दाराशी त्यांची वाट पाहिली, पण ते दुसऱ्या दाराने निघून गेले. बाईंना राग नाही. एवढंच म्हणाल्या, की त्या अकरांची नावं संघाच्या पुस्तकात कुठेच नाहीत, ती घाला.

नावं सोबत जोडली आहेत. ओळ मी जुळवली, हेही लिही.

तुझ्यावरचा लोभ पत्रात मावत नाही.
तुझा,
दादा

११ मे

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

कार्यकारिणीत दोन तास वाद झाला. अध्यक्ष म्हणाले, की वर्धापनात हे कशाला? मी तुझं पत्र वाचून दाखवलं. प्रकरण झालं तसं छापायचं ठरलं, अकरा नावांसकट. बाबा उपासनेला गेले होते, तेही घातलं आहे.

संघाने बंदरावरच्या मंडळीला क्षमा मागणारं पत्र पाठवून परत या म्हटलं. बाईंचं उत्तर काल आलं. पत्र उपासनेत वाचलं, म्हणाल्या, पण परत यायचं की नाही हे त्या एकट्या ठरवू शकत नाहीत. मंडळी सभा घेईल, प्रत्येक जण हात वर करील, आणि सगळ्यात आधी शिंप्याला पत्र घालून विचारतील. तोवर संघाने धीर धरावा.

अध्यक्ष रोज टपाल आलं का विचारतात.

तुझी,
चिमणी