विहिरीकडे तोंड केलेले बैल

बुधवार, १२ जानेवारी १९९४
सावेडी

वसंताने चित्र परत आणलं, पण ते माझं नाही. फ्रेम तीच, आत नक्कल.

दोनशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रजाने जलरंगात काढलेलं नगरबाहेरचं दृश्य. घुमट, मागे उघडे डोंगर, पुढे विहिरीवर मोट. आजोबांना त्यांच्या साहेबाने मायदेशी जाताना दिलेलं. चित्रकाराने घुमटाचा चिरा न् चिरा टिपला, पण मोटेचे बैल विहिरीकडे तोंड करून काढले. मोट ओढताना बैल विहिरीपासून लांब चालत जातात, हे त्याला कोण सांगणार? घरात तीन पिढ्या आम्ही त्या बैलांना हसलो.

वसंता माझा विद्यार्थी, कोल्हारचा, आता नावाजलेला पेंटर. "काच तडकलीय सर, बदलून आणतो," म्हणून महिन्यापूर्वी घेऊन गेला. मीच दिलं. वर फडक्यात बांधूनही दिलं!

आज संध्याकाळी त्याच्यासमोरच भिंतीवर टांगलं आणि पाहतो तर बैलांची पाठ विहिरीकडे. घुमट तोच, डोंगर तेच, कागदही जुनाट. फक्त बैल शहाणे झालेले.

"वसंता, बैल कधी वळले रे?"

चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, "मग सर, विहिरीकडं तोंड करून बैल मोट कशी वढतील?" आणि एकदम उठला. अर्धा कप तसाच ठेवून निघून गेला.

विकलं असेल? कुणाला? विचारलंच नाही मी.

पाचवीत असताना माझ्या चित्रकलेच्या तासाला त्याने वडिलांची मोट काढली होती. बैल अगदी बरोबर. दहापैकी दहा दिले होते मी.