मोहाच्या वाटेवरचं तिकीट

आदरणीय खुशालमामा,

सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तेल लावून देतात ना? इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आपल्या गावच्या डिस्क गोल्फ स्पर्धेला एकेचाळीस प्रेक्षक तिकीट काढून आले. ते चूक आहे. प्रेक्षक सात होते. बाकीच्या चौतीस बाया मोहफुलं वेचायला आल्या होत्या.

झालं असं, की प्रणितदादा हा खेळ पुण्याला शिकून आला. (झाडांमधून प्लास्टिकची चकती फेकायची, ती खांबावरच्या साखळ्यांना लागून टोपलीत पडली, की पुढच्या खांबाकडे जायचं. बस, एवढंच.) फुकटच्या गोष्टीला लोक किंमत देत नाहीत, म्हणून त्याने वीस रुपये तिकीट ठेवलं आणि जंगलाच्या वाटेवर टेबल टाकून मला बसवलं. पहाटेच बाया टोपल्या घेऊन आल्या. मी प्रत्येकीला तिकीट फाडून दिलं, शिक्का मारला, सही केली. (पावतीशिवाय पैसा घेऊ नये, हे मी शाळेत जायच्या आधी तुम्हीच शिकवलंत. दोष देत नाही.) एकीनेही कशाचे पैसे, म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, खेळाची आवड आहे. एकीच्या टोपलीत चकती पडली, तेव्हा ती धरायची की नाही यावर खेळाडू अर्धा तास भांडले आणि बाई फुलं वेचत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रुखमाबाई दारात.

"बाई, आजची पावती दे वो. फुलं वाया जाऊन राह्यले."

मी सांगितलं, खेळ आता रविवारी.

"तवरी जंगल बंद हाय का?"

तेव्हा मला कळलं. शिक्का पाहून साऱ्यांनी धरलं होतं, की हक्क मिळायच्या आधीसारखी जंगलात जायला पुन्हा पावती लागते. याच रुखमाबाई जंगलाच्या सामूहिक हक्कासाठी तीन वर्षं सभांना पायी गेल्या होत्या. मी तासभर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तू शिकलेली हायेस. पण शिक्का खोटा कसा राहील?"

आता अर्ध्या बाया घरी बसल्या आहेत. मोह आणखी दहा-बारा दिवस पडेल; कितीतरी घरांचं पावसाळ्याचं मीठ-तेल त्यावर चालतं. मी दारोदार सांगून दमले. पावती लागत नाही असं लिहून दे, म्हणाल्या. दिलं. मग त्यावर शिक्का मागितला.

तुमची,
संघप्रिया

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे: ग्रामसभेत उभं राहून सांगायचं आणि सगळ्यांसमोर पैसे परत करायचे, एवढंच उरलं आहे. तुम्ही राजुऱ्याहून या. बोलू नका, नुसते माझ्या बाजूला बसा. हे पत्र तिकडेच निघालेल्या दिनेशभाऊंच्या हाती देते आहे, म्हणजे उद्याच मिळेल.

आणखी ता. क. प्रणितदादा म्हणतो, रविवारच्या अंतिम सामन्यापर्यंत गप्प राहा, एवढी गर्दी पुन्हा मिळायची नाही. रुखमाबाईंना समजावल्यावर, दारोदार जायच्या आधी, मी दोन दिवस गप्प राहिलेही, आणि त्याच दोन दिवसांत तुम्हाला ते एकेचाळीस प्रेक्षकांचं पत्र लिहिलं. तुम्ही आला नाहीत तरी सांगणार आहे. ग्रामसभा गुरुवारी, ३ एप्रिलला, सकाळी आठ वाजता आहे.