अमुक लायब्ररी सापडली नाही

प्रिय खारूताई,

पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरत का होईना चालतो, माझ्यासारखाच. फोन का केला नाही ते शेवटी कळेल. फोनवर मी कसं बोलतो हे तुला ठाऊक आहेच.

तू गेल्यापासून आईची लोकरीची टोपली कपाटावर तशीच पडून होती. मागच्या महिन्यात मन घट्ट करून खाली काढली. आत एक अर्धवट स्वेटर निघाला, शेवाळी रंगाचा. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, बाह्यांचा पत्ता नाही. आरशासमोर अंगाला लावून पाहिला तर घट्ट. म्हटलं, जाता जाता बाईसाहेबांनी माझ्या पोटाला टोमणा मारला! पण तसाच तो छातीशी धरून बराच वेळ उभा होतो. हा पुरा करून घ्यायचा आणि घालायचा, एवढंच डोक्यात बसलं. आई गेल्यापासूनच्या अकरा महिन्यांत दुसरं काही करावंसं वाटलंच नव्हतं.

लोकरीच्या दुकानातल्या बाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, बाह्या विणून देते, पण नक्षी टाका न् टाका मोजून बसवलेली आहे, तिचा आराखडा हवा. आराखडा आईच्या कॉम्प्युटरवर, तिच्या विणकामाच्या प्रोग्राममध्ये. आणि त्या कॉम्प्युटरवर तू, आई गेल्यानंतरच्या चार दिवसांत, नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालून गेलीस, मला तुझा चेहरा बघून बोलता यावं म्हणून. आईच्या फायली तू नीट जपून ठेवल्यास, पण प्रोग्राम पडला जुन्या सिस्टीमचा. त्याची सीडी टोपलीतच सापडली. वाचून वाचून कळलं की दुसऱ्या सिस्टीमचे प्रोग्राम चालवणारा एक दुभाष्या प्रोग्राम असतो. तो घातला, सीडी लावली, चित्रावर टिचकी मारली. उत्तर आलं, अमुक लायब्ररी सापडली नाही.

लायब्ररी म्हणजे तयार कामांची फाइल. खिडकी उघडणं, रंग दाखवणं, कागदावर छापणं, असली कामं प्रोग्राम स्वतः करत नाही, अशा फायलींकडून करून घेतो. आता मी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. एका बंद लिफ्टचा भाग काढायचा, दुसरीला लावायचा, लिफ्ट चालू, लोक खूश. तीच अक्कल इथे पाजळली. समोरच्या दंतवैद्य बाईंच्या कॉम्प्युटरवरून त्याच नावाची फाइल पेनड्राइव्हवर आणून कोंबली. तक्रार कायम. मग मी चिडून त्यांचा अख्खा फोल्डरच आणून ओतला, तेव्हा दुभाष्यानेच मान टाकली. आठवडा पाण्यात गेला.

चूक माझीच. नाव तेच असलं तरी त्यांची फाइल चौसष्ट बिटांची, म्हणजे नव्या घडणीची, आपला प्रोग्राम बत्तीस बिटांचा, जुन्या घडणीचा; एकाला दुसरी चालत नाही. सगळं पुसलं. दुभाष्याला बत्तीस बिटांचा वेगळा, कोरा फोल्डर करून दिला आणि उचलेगिरी सोडून, फायली ज्यांनी बनवल्या त्यांच्याच पॅकेजमधून एकेक बसवू लागलो. एक बसली की तो दुसरीचं नाव घ्यायचा. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायचो. खरं सांगू? या घरात माझ्याकडे काही मागणारं तेवढंच उरलं होतं. पाचवी फाइल बसली, त्याची तक्रार थांबली, तेव्हा मी चहाचा दुसरा कप करून तिथेच बसून राहिलो, आता हा काही मागणार नाही म्हणून.

काल प्रोग्राम उघडला. आईने आखलेल्या स्वेटरांची यादी समोर आली. शेवाळीच्या पुढे मी नव्हतोच. तिथे लिहिलं होतं, 'खारूताई'. बाकी मापं भरलेली, तू इथे टाकून गेलेल्या त्या बिनबाह्यांच्या जाकिटावरून घेतली असणार. बाह्यांच्या रकान्यात फक्त एवढंच, 'आली की मोजणे'. तू आलीस, पण मोजणारी नव्हती. तुला बोल लावत नाही गं. चार दिवस तू माझ्या मागे मागे होतीस, बाबा, माझ्याबरोबर चला म्हणत होतीस, आणि मी दारात उभा राहून काय म्हणालो ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, असं म्हणालो. तेव्हापासून तू फोन केला नाहीस आणि मलाही नंबर लावण्याचं धैर्य झालं नाही.

तर दुकानातल्या बाईंना तुझ्या बाहीचं माप हवंय, म्हणून हे पत्र. खांद्यापासून मनगटापर्यंत, हात जरा वाकवून. नुसता आकडा लिहून पाठवलास तरी त्या विणतील. पण आईने 'आली की' असं लिहिलंय. तिची टेप मी टेबलावर काढून ठेवली आहे. ये गं. माझं अडलंय.

तुझाच हेकट,
बाबा